स्टिरिओ रिसीव्हर घ्यायचाय: नुसतं सबवूफर आउट बघून भागेल का?

गावभागकर

नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचं बरंच सामान गेलं, तेव्हापासून गाण्याचा सगळा पसारा माडीवर हलवलाय. खोली १२ बाय १४ फूट, उंची दहा फूट, भिंती जाडजूड, जमीन लाकडी फळ्यांची. स्पीकर वॉर्फडेल डायमंड १२.१, पाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे स्पीकरमधला मोठा पडदा). सबवूफर, म्हणजे अगदी खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, पोल्कचा पीएसडब्ल्यू१०, मामेभाऊ पुण्याला गेला तेव्हा देऊन गेला. जुन्या असेंबल अँप्लिफायरचा डावा चॅनेल बसलाय, म्हणून आता नीट रिसीव्हर घ्यायचा बेत आहे.

ऐकणं निम्म्याहून जास्त शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. बाकी सिनेमाची गाणी आणि रात्री टीव्ही. पाच-सात स्पीकरांचं होम थिएटर नकोय, दोन स्पीकर आणि एक सब एवढंच.

यादी केलीय ती अशी: सोनी एसटीआर-डीएच१९०, यामाहा आर-एस२०२, यामाहा आर-एन६००ए, डेनॉन डीआरए-८००एच, मरँट्झ एनआर१२०० आणि वीम अँप. एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मागं सब आउट आहे का बघा, असलं की झालं." खरंच एवढंच बघायचं असतं का? आणि आवाजाच्या दर्जात या सगळ्यांत फरक किती?

यवतेश्वर

साताऱ्याहून लिहितोय. माझ्याकडे एनआर१२०० आहे. टीव्ही एकाच एचडीएमआय वायरवर, सब आउट दोन, आवाज मऊ आणि भरलेला. गायिकेचा आवाज लागला की खोली उजळते. फक्त आता तो नवा मिळणं अवघड, त्याच्या जागी स्टिरिओ ७०एस आलाय. जुना चांगल्या हातातला मिळाला तर डोळे झाकून घ्या.

हळदपेठ

माझं मत सोनी. साधा, सरळ, शंभर वॉट, रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आहे, ब्लूटूथ आहे. वाचलेल्या पैशात पुढंमागं मोठा सब घ्या की. बेस सबमधून येतो, रिसीव्हरमधून नाही.

जवारी

गावभागकर, थोडं सविस्तर लिहिते. हा प्रश्न दुकानात कुणी उलगडून सांगत नाही आणि लोकांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

आधी यादी. सोनी डीएच१९० आणि यामाहा आर-एस२०२ यांना सब आउट नाहीच. आर-एन६००ए, डेनॉन, मरँट्झ आणि वीमला आहे. इथवर दुकानदाराचं बरोबर.

पण सब आउट म्हणजे मागचं एक सॉकेट. डावा-उजवा एकत्र करून त्यातले खालचे स्वर सबमधल्या अँप्लिफायरकडे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. खरा प्रश्न पुढं आहे: खर्ज सबकडे दिल्यावर तो मुख्य स्पीकरमधून काढून घेतला जातो का? बहुतेक स्टिरिओ रिसीव्हरांत घेतला जात नाही. आर-एन६००ए मध्येही नाही. तिथं तुमच्या पाच इंची वूफरला सगळं वाजवावंच लागतं आणि त्याच्या जोडीला सबही तेच वाजवतो.

यात बिघडतं काय? आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला की वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा पडदा ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलणार. आणि तोच पडदा त्याच क्षणी गायकाचा आवाजही वाजवत असतो. सिनेमाच्या गाण्यात बेस गिटार सगळ्यात खालच्या तारेवर गेली, म्हणजे ४१ हर्ट्झला, की वरचा गळा गढूळ होतो. लोक म्हणतात "रिसीव्हर दमला". दमलेला असतो तो वूफर. खालचं ओझं त्याच्यावरून उतरवलं तर तोच स्पीकर मोठा झाल्यासारखा वाजतो.

स्पीकरमधून खर्ज काढून घेणारी ही गाळणी डेनॉन डीआरए-८००एच आणि मरँट्झ एनआर१२०० मध्ये आहे. मेनूत स्पीकर "स्मॉल" करायचे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे वाटणी किती हर्ट्झला करायची तो आकडा, ठरवायचा. त्याखालचं सबकडे, वरचं स्पीकरकडे. वीम अँपमध्ये हेच मोबाइलच्या ॲपमधून करता येतं. माझ्या लेखी यादीची खरी विभागणी ही आहे. वॉट आणि ब्रँड त्यानंतर.

आता तुमच्या ऐकण्याविषयी. मी मिरजेची, घरात तंबोरा आहे, इथंच घडलेला. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाद्य माझ्या शेजारीच असल्यामुळे रेकॉर्डिंग त्याच्याशी ताडून बघायची मला सवय आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. क्रॉसओव्हर ८० ला ठेवला तर त्या तारेचा मूळ स्वर सबमधून येतो, आणि तिच्यातून उमटणारा स्वयंभू गंधार, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट, ३४६ च्या आसपास, तो स्पीकरमधून. सब आणि स्पीकर एकजीव नसतील तर एकच तंबोरा दोन ठिकाणी बसल्यासारखा ऐकू येतो. शास्त्रीय ऐकणाऱ्याला हे लगेच खटकतं. डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचताना खटकणार नाही, पण विलंबित ख्याल ऐकताना खटकतंच.

तबल्याचंही तसंच. डग्ग्याची घुमक क्रॉसओव्हरच्या आसपासच फिरते. तबलजी मनगट दाबून मींड काढतो तेव्हा तो स्वर सबमधून स्पीकरमध्ये आणि परत असा जात-येत असतो. सांधा दिसता कामा नये.

हळदपेठ

जवारीताई, हे मान्य. पण मग ज्यांच्याकडे गाळणी नसलेला रिसीव्हर आहे त्यांनी काय करायचं? सगळ्यांनी बदलायचा?

जवारी

अजिबात नाही. दोन मार्ग आहेत.

एक, स्पीकर जिथं स्वतःहून उतरायला लागतात तिथंच सब सुरू करायचा. वॉर्फडेलसारखे छोटे स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली आपोआप मावळतात. सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब शक्य तितका खाली, आवाज कमी. सब वाजतोय हे कळूच नये, बंद केल्यावर मात्र चुकल्यासारखं वाटावं. हा मार्ग कमी आवाजात छान चालतो.

दोन, स्पीकरच्या पोर्टमध्ये, म्हणजे खोक्याला असलेल्या भोकात, फोम नाहीतर गुंडाळलेला मोजा घालायचा. पोर्ट बंद झाला की स्पीकरचा उतार हळुवार होतो आणि सबशी सांधा जुळवणं सोपं जातं. खर्चही नाही.

प्री-आउट आणि मेन-इन (पॉवर अँप्लिफायरच्या आधी सिग्नल बाहेर काढायची आणि परत आत घ्यायची सॉकेटं) वेगळे असलेले जुने रिसीव्हर असतात, उदाहरणार्थ यामाहा आर-एस७००. त्यांच्यात मधे वेगळा क्रॉसओव्हर बसवता येतो. पण त्या वाटेला हौशी माणसानंच जावं.

अजिंक्यतारा

वॉटविषयी लिहितो, कारण "शंभर वॉट" ऐकून माणसं भुलतात.

वीम अँप ८ ओहमला ६० वॉट देतो, एनआर१२०० ७५, डीआरए-८००एच १००. कागदावर ६० आणि १०० मध्ये मोठी दरी वाटते. डेसिबलमध्ये ती जेमतेम सव्वादोन. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तुमच्या खोलीत ८८ डेसिबलचा (एका वॉटवर, एक मीटरला) स्पीकर १६ वॉटवर एक मीटरला १०० डेसिबल देतो. खाली आई-वडील राहत असतील तर तिथवरही जाणार नाही. त्यातून खर्ज सबकडे गेला की रिसीव्हरचा भार आणखी हलका, कारण सबचा अँप्लिफायर स्वतंत्र असतो.

वॉटचा आकडा कशावर दिलाय तेही बघा. २० ते २०,००० हर्ट्झ, दोन्ही चॅनेल एकदम, ८ ओहम, अगदी कमी विकृती, असा असेल तर तो खरा. एकच चॅनेल, १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, दहा टक्के विकृती, असा असेल तर तो नुसता खोक्यावर छापायचा आकडा.

यवतेश्वर

सगळं आकड्यात बसवू नका राव. मी यामाहा आणि मरँट्झ शेजारी-शेजारी ऐकलेत. यामाहा उघडा, धारदार. मरँट्झ मऊ. हा फरक माझ्या कानाला स्पष्ट जाणवतो.

अजिंक्यतारा

ऐकताना दोघांचा आवाज मोजून सारखा केला होता का? अर्धा डेसिबल जास्त असला तरी तो रिसीव्हर "जिवंत" वाटतो, "मोठा" असं वाटत नाही. दुकानात नॉब अंदाजानं फिरवतात, तिथंच निकाल लागून जातो.

करायचं असं: सब बंद. ५० हर्ट्झचा एकसुरी टोन हळू आवाजात लावायचा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरायचा. साधे मीटर याच पट्ट्यात भरवशाचे असतात. दोन्ही रिसीव्हर एकाच व्होल्टवर आणा, टोन कंट्रोल मधोमध ठेवा, लाउडनेस बंद. मग गाणं लावा आणि दुसऱ्याला बदलायला सांगा. हे केल्यावर जो फरक उरेल तो खरा.

जवारी

यवतेश्वर, तुमचा मरँट्झ गोड वाजत असणार यात शंका नाही. पण मुलायमपणा किती रिसीव्हरचा आणि किती त्यातल्या गाळणीमुळे मोकळ्या झालेल्या स्पीकरचा, हे एकदा स्पीकर "लार्ज" करून (म्हणजे गाळणी काढून), सब बंद ठेवून ऐका. माझा अनुभव असा की क्लिप होत नसलेल्या, म्हणजे ताकद संपून आवाज फाटत नसलेल्या, दोन चांगल्या रिसीव्हरांतला फरक बारीक असतो; सब नीट जुळला की नाही जुळला यातला फरक घरातल्या कुणालाही ऐकू येतो. आपण बोलतो मात्र पहिल्याबद्दलच.

यामाहाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांवर असतो तो लाउडनेसचा नॉब. रात्री हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. यामाहाचा हा नॉब ते स्वर भरून काढतो आणि गरजेपुरता थोडा-थोडा फिरवता येतो, नुसतं चालू-बंद बटण नाही. ज्यांचं ऐकणं मुख्यतः रात्रीचं, त्यांनी हे मनात धरावं.

गावभागकर

मंडळी, फार मोलाचं मिळतंय. विश्रामबागच्या मित्राकडे डीआरए-८००एच आहे, तो काही दिवस द्यायला तयार झालाय. जुन्या अँप्लिफायरवर सब लावला की भुणभुण यायची. ती रिसीव्हर बदलल्यावर जाईल का?

कुपवाडचा वायरमन

जाईलच असं नाही. ५० हर्ट्झची भुणभुण बहुतेक वेळा अर्थिंगच्या फेऱ्यातून येते. सबची अर्थ एकीकडून, केबल टीव्हीच्या वायरीची अर्थ दुसरीकडून, आणि मधे आरसीए वायर दोघांना जोडते. सेट-टॉप बॉक्सची केबल हातानं सोडवून बघा. भुणभुण थांबली तर चोर सापडला. मग टीव्ही ते रिसीव्हर ऑप्टिकल वायर टाका, तिच्यातून वीज जातच नाही, फेरा तुटतो. एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरला द्यायची सोय) हवंच असेल तर केबलवाल्याच्या वायरीत आयसोलेटर बसवा. सब आणि रिसीव्हर एकाच सॉकेटवरून चालवा.

तीन पिनी प्लगची अर्थ पिन कुणी तोडू नका. भुणभुण जाते, आणि एखाद्या दिवशी बॉडीत करंट येतो. जुन्या वाड्यांत आधी अर्थिंग तपासून घ्या, पुरात बुडालेल्या घरांत तर नक्कीच.

अजून एक. बाहेरून कुणी अमेरिकेचा पीस आणून देतो म्हणाला तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० वर थेट लावला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही रिसीव्हरच्या वॉटेजला पुरेल असा.

लाकडी जमिनीवर सब नुसता ठेवू नका. फळ्याच स्पीकर होतात आणि खालच्या खोलीत छप्पर घुमतं. एक जाड शहाबादी फरशी घ्या, खाली दाट फोम नाहीतर रबर, वर सब.

गावभागकर

शहाबादी फरशीचा तुकडा परसात पडूनच होता. आज लावतो.

जवारी

सब ठेवायची जागाही आत्ताच ठरवून टाका, रिसीव्हरच्या निवडीइतकीच ती महत्त्वाची. तुमची १२ फुटी बाजू साधारण ४७ हर्ट्झला घुमते आणि १४ फुटी ४० ला. ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट, एवढं सोपं गणित आहे. कोपऱ्यात सब ठेवला की दोन्ही घुमटे एकदम जागे होतात. आवाज भरपूर येतो, पण एकच स्वर डुंई डुंई करत राहतो.

सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खुर्चीवरच. बेस गिटारची ओळ असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा, कान सबच्या उंचीला. जिथं ओळीतला प्रत्येक स्वर सारखा ऐकू येईल ती सबची जागा. बघणाऱ्यांना बघू दे.

गावभागकर

डेनॉन आणला, जोडला, आणि सांगायला खूप आहे.

भुणभुण केबलच्या वायरीचीच निघाली. वायर सोडवली आणि खोली शांत. आता टीव्ही ऑप्टिकलवर आहे.

आधी सब कोपऱ्यात ठेवून ऐकला. ताईंनी लिहिलेलं तसंच झालं, एक स्वर फुगायचा आणि बाकीचे हरवायचे. रांगून बघितल्यावर १२ फुटी भिंतीच्या मध्याच्या जवळची जागा निघाली. तिथं ४७ चा घुमटा जवळजवळ गेलाच.

मग एक टोन ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत नेला. एका ठिकाणी फळीवरचे पितळी डबे झणझणायला लागले, थोडं वर गेल्यावर कपाटाच्या दाराची काच. इतकी वर्षं मी हा आवाज स्पीकरचा समजून अँप्लिफायरला बोल लावत होतो. डब्यांखाली कापड घातलं, काचेच्या कडेला फेल्टची पट्टी लावली.

मेनूत स्पीकर "स्मॉल", क्रॉसओव्हर ८०. नुसतं हे बदलल्यावर गळा पुढं आला. आवाज वाढवला तरी चिरकत नाही. क्रॉसओव्हर १०० करून बघितला तर डग्गा सबच्या दिशेला ओढला गेल्यासारखा वाटला, म्हणून परत ८०. सबवरचं फेजचं बटण (सबच्या पडद्याची हालचाल उलटी करणारं) उलटं केल्यावर खर्ज पातळ होतोय, म्हणजे आधीचंच बरोबर असावं. एक शंका मात्र आहे. सबच्या मागचा नॉब ८० ते १६० असा फिरतो. तोही ८० वर ठेवलाय. बरोबर आहे ना?

जवारी

तो नॉब पूर्ण वर न्या, १६० ला. रिसीव्हर एकदा गाळतोय, सबनं परत त्याच जागी गाळलं तर ८० च्या आसपास खड्डा पडतो आणि फेजही सरकतो. खर्जाची तार नेमकी तिथंच तुटते. गाळणी एकाच ठिकाणी ठेवा.

डीआरए-८००एच सोबत माइक येत नाही, म्हणून अंतर आणि पातळी हातानं भरावी लागते. टेपनं मोजून कानापासूनचं अंतर भरा. सबची पातळी ठरवताना सिनेमाचं गाणं लावू नका, प्रत्येक गाण्यात बेस वेगळा मिसळलेला असतो. रेकॉर्डिंगमधला तंबोरा लावा. खर्ज "ऐकू येतोय" असं वाटलं की एक पायरी खाली आणा.

गावभागकर

नॉब १६० ला नेला. तंबोरा आता एका जागी बसला. डग्ग्याची मींड सलग येते, कुठं सोडली आणि कुठं धरली हे कळत नाही. बाबा जिना चढून वर आले आणि विचारत होते, स्पीकर नवीन घेतलेस का. खाली छप्पर घुमत नाही हे त्यांनीच सांगितलं.

निवड आता डेनॉन आणि वीम यांत. वीम लहान आहे, मोबाइलच्या माइकनं खोलीही मोजतो. पण मला पुढंमागं आणखी एचडीएमआय यंत्रं जोडायची आहेत आणि रेडिओही हवाय, म्हणून डेनॉनकडे झुकलोय. मित्राचा परत देऊन नवीन मागवतोय.

कृष्णाकाठ

धागा वाचून विचारतो. माझ्याकडे सोनी डीएच१९० आहे आणि असाच पोल्क पीएसडब्ल्यू१०. सब आउट नाही. आता रिसीव्हर बदलणं शक्य नाही. काही करता येईल?

जवारी

येईल. पीएसडब्ल्यू१० ला स्पीकर लेव्हलचे इनपुट आहेत. रिसीव्हरच्या डाव्या-उजव्या टर्मिनलवर स्पीकरच्या वायरी आहेत तशाच ठेवा, त्याच टर्मिनलवरून दुसऱ्या दोन वायरी सबच्या स्पीकर इनपुटला न्या. अधिक ते अधिक, उणे ते उणे. सब त्यातून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे रिसीव्हरवर भार येत नाही. वायरी जोडताना दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवा आणि वायरीचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका.

हे नेहमीच्या रिसीव्हरांना चालतं. क्लास डी चे ब्रिज केलेले अँप असतील तर त्यांच्या उणे टर्मिनलवरही सिग्नल असतो, तिथं सबची उणे वायर लावली तर अँप जळू शकतो. तसा अँप असेल तर आधी त्याचं माहितीपत्रक बघा.

तुमच्यात गाळणी नाही, त्यामुळे सबचा नॉब सगळ्यात खाली, ८० ला, पोर्टमध्ये फोम, आणि आवाज आधी शून्यापासून हळूहळू वर.